इनासचं गाऱ्हाणं

इनास बोटीवर पाव भाजून आला, लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवून झाला, औषधांची बॅग लावून मोटारसायकलवर फिरला, म्हाकूल मासळी परदेशी पाठवणाऱ्या कारखान्यात सुपरवायझर झाला, पर्यटकांना होडीतून डॉल्फिन दाखवत राहिला आणि शेवटी कसालला हायवेलगत बेकरी टाकून बसला. मी बी.एस्सी.नंतर लॅब टेक्निशियनचा कोर्स केला, ओरोसला सरकारी हॉस्पिटलच्या रक्तपेढीत चिकटले आणि निवृत्त होईपर्यंत तिथून हलले नाही. आमच्यापैकी कोणाचं आयुष्य मार्गी लागलं असं कॉलेजातल्या सरांना विचारलं असतं, तर त्यांनी डोळे मिटून माझं नाव घेतलं असतं. मलाही बरीच वर्षं तसंच वाटायचं.

प्रॅक्टिकलच्या टेबलावर आम्ही दोघं जोडीदार होतो. त्या काळी पिपेटमध्ये द्रावण तोंडाने ओढून घ्यायचं असे. मी घाबरत घाबरत ओढायची, ते खुणेपर्यंत पोचायचंच नाही. इनासच्या फुप्फुसांना ट्रम्पेटची सवय, त्यामुळे त्याच्या बाबतीत द्रावण खूण ओलांडून थेट घशात जायचं. "सोड्याचां पाणी आसा गो, पोट साफ जाता," असं म्हणून तो पुन्हा पिपेट उचलायचा. परीक्षेत त्याचं उत्तर चुकलं, माझं बरोबर आलं, आणि तरी परीक्षकांना हसवून तो माझ्याइतकेच मार्क घेऊन गेला.

आता माझ्या कामाबद्दल थोडं सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय इनासचं पुढचं कळायचं नाही. लोकांना वाटतं, रक्तपेढी म्हणजे फ्रीज उघडायचा आणि पिशवी काढून द्यायची. फ्रीज उघडणं हा त्यातला सगळ्यात सोपा भाग. आधी दात्याचा रक्तदाब, वजन, हिमोग्लोबिन बघायचं. रक्त घेतल्यावर त्यात कावीळ किंवा आणखी काही नाही ना, हे तपासायचं. मग ज्याला ते चढवायचं, त्याचं थोडं रक्त आणि पिशवीतलं थोडं रक्त एकत्र करून बघायचं. गुठळ्या झाल्या की ती पिशवी त्या माणसासाठी बाद. पत्रिका जुळवण्याचाच प्रकार, फक्त इथे जुळली म्हणून खोटं सांगून चालत नाही. आणि एवढं सगळं करून ते रक्त टिकतं जेमतेम महिना-सव्वा महिना. म्हणजे बारा महिने कोणी ना कोणी येऊन आडवं होत राहिलं पाहिजे. आमच्याकडे सगळं होतं, यंत्रं, फ्रीज, चांगले डॉक्टर. रक्त मात्र आम्हाला करता येत नव्हतं.

खिडकीवर येणारा माणूस आधी शुद्ध मराठीत बोलायचा. "मॅडम, आम्हाला दोन पिशव्या हव्या होत्या." सरकारी कचेरीत असंच बोलायचं असतं अशी आमच्याकडची समजूत. मी म्हणायची, या गटाच्या पिशव्या संपल्यात, बाहेरून मागवतोय, तुमच्याबरोबर कोणी द्यायला आहे का? मग त्याचा धीर सुटायचा आणि तो मालवणीवर यायचा. "बाये, बायल आत आसा गो माजी." तिथून पुढे तो जे सांगायचा ते खरं असायचं.

नमुने तर किती सांगावेत. बायकोला रक्त द्यायला आलेला एक धडधाकट खलाशी सुई बघून असा कोसळला की त्याची बायको आतून उठून त्याला बघायला आली. एकाला आपलं रक्त फक्त माळकऱ्यालाच द्यावं अशी अट घालायची होती. आणि दोन चुलतभाऊ तर मी कधीच विसरायची नाही. परसातल्या गडग्यावरून, म्हणजे दगडी कुंपणावरून, त्यांची बापजाद्यांपासून कोर्टात तारीख चालू होती. त्यातला एक अपघात होऊन आला, आणि नेमका त्याचा गट घरात जुळला तो दुसऱ्याशी. दुसरा आला, निमूट झोपला, पिशवी भरून दिली आणि उठताना मला म्हणाला, "रगत दिलंय, पण गडगो सोडूचंय नाय, ह्यां तेका सांगा." मी सांगितलं. पहिला अंथरुणातून म्हणाला, "सोड म्हणता कोण?" दोघंही अजून ठणठणीत आहेत आणि गडगाही.

त्या दुसऱ्या भावाला स्कूटरवर मागे बसवून घेऊन येणारा इनास होता. पण तो या भानगडीत पडला त्याच्याही आधी.

कसालची बेकरी सुरू झाल्यावर तो हॉस्पिटलच्या कँटीनला पाव द्यायला यायचा. येता-जाता माझ्या खिडकीत डोकावायचा. श्रावणातली गोष्ट. बाहेरच्या बाकावर सुषमा नावाची एक बाई आपल्या चार-पाच वर्षांच्या मुलीला मांडीवर घेऊन सकाळपासून बसली होती. मुलीचं नाव अंकिता. तिला थॅलेसेमिया होता, म्हणजे अंगात रक्त नीट तयारच होत नाही. दर तीन-चार आठवड्यांनी बाहेरचं रक्त चढवायचं, तेव्हा ती पुढचे दिवस हसणार, खेळणार. गट बी निगेटिव्ह, म्हणजे आधीच दुर्मिळ. त्यात श्रावण. श्रावणात आमच्याकडे अर्धी माणसं उपासाला, उरलेली मासे सुटल्यामुळे स्वतःला अशक्त समजणारी. पुढे चतुर्थी आली की मुंबईचे चाकरमानी घरात, कोणाला वेळ नाही. कॉलेजं बंद, म्हणून शिबिरं बंद. आणि नेमके त्याच दिवसांत रस्त्यावरचे अपघात आणि शेतातल्या चिखलाचे ताप वाढलेले.

"ह्यां चेडू इतक्यां पांढरां कित्याक गो?" इनासने विचारलं.

मी सांगितलं. तो पावाची टोपली खाली ठेवून बाही वर करायला लागला. "मगे माजां घी."

"तुजो गट पॉझिटिव्ह रे. तेका चलाचो नाय."

त्याचा चेहरा पडला. मी म्हटलं, तुझं दुसऱ्या कोणाच्या कामी येईल. त्याने ते दिलंही, पण त्याचं लक्ष बाकावर होतं. त्या दिवशी पिशवी बाहेरच्या जिल्ह्यातून मागवली, ती संध्याकाळी पोचली. तोवर इनास तिथेच बसून होता. त्याने टोपलीतून कांकण काढलं. कांकण म्हणजे बांगडीसारखा गोल, कडक पाव. अंकिताच्या ज्या हाताला सुई नव्हती त्या हातात ते घातलं. ती ते कुरतडत राहिली. जाताना तो मला म्हणाला, "ह्येका दर खेपेक असां बसवून ठेवणां बरां नाय."

त्यानंतर त्याने जे आरंभलं त्याला नाव काय द्यावं मला कळत नाही. त्याचे सगळे बुडालेले धंदे कामाला आले. बँडवाले, बोटीवरून सुट्टीवर आलेले, म्हाकुलाच्या कारखान्यातल्या बायका, होडीवाले, औषधांची दुकानं. कोणाच्या घरी गेला की चहा यायच्या आधी रक्तगट विचारायचा. एका लग्नात नवऱ्या मुलालाच विचारून बसला, मुलीकडची माणसं घाबरली. दशावतारात राणीचं काम करणारा एक जण बी निगेटिव्ह निघाला, तेव्हा इनासने आनंदाने मला कामावर फोन केला. "सुलू, एक राणी मेळली." त्याची बायको लुसी म्हणायची, "बेकरी आमची आणि घरात पाव नाय." ते खरं होतं, कारण सकाळच्या पहिल्या भट्टीतले पाव वॉर्डातल्या नातेवाइकांकडे जायचे.

तरी श्रावण-चतुर्थीची खिंड तशीच राहिली. दोन वर्षं आम्ही तिथे अडखळलो. तिसऱ्या वर्षी इनास म्हणाला, "माज्या गावात कॅम्प घालूया."

त्याचं गाव आचऱ्याच्या अलीकडे, खाडीकाठी. मी सोमवार सुचवला. तो म्हणाला, "श्रावणी सोमवारी उपाशी माणसां आडवी घालतलंस?" बुधवार ठरला. पण माणसं येतील कशी? त्यावर तो मला घेऊन गेला दाजींकडे. दाजी म्हणजे गावकार. गावाच्या वतीने देवाशी बोलायचा मान त्यांच्या घराकडे. आमच्याकडे कोणतंही काम असो, जत्रा, नवी होडी, मुलाची परीक्षा, आधी देवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात. गावकार मागणं बोलत जातो आणि जमलेली माणसं प्रत्येक मागण्याला "व्हय म्हाराजा" म्हणतात. एकदा तसं म्हटलं की तो शब्द देवाला दिलेला असतो.

"कॅम्पाचां गाऱ्हाणां घाला दाजी," इनास म्हणाला.

दाजी बराच वेळ सुपारी कातरत राहिले. "रगताचां गाऱ्हाणां? इनासा, आमचो देव नारळावयलो. तेका रगत चलणा नाय."

"देवाक नको दाजी. चेडवाक होया."

दाजींनी कौल लावला. देवाच्या अंगावर फुलं चिकटवतात आणि उजवीकडचं आधी पडलं तर होकार. कौल उजवा आला. बुधवारी सकाळी देवळात गाव जमलं आणि इनासने, गळ्यातला क्रूस शर्टाच्या आत सरकवून, नारळ ठेवला. दाजींचा आवाज खणखणीत.

"बा देवा म्हाराजा, आज इगर्जीत जाणारो, पण तुज्याच पाण्यार वाढलेलो तुजो झील इनास, एका चेडवासाठी नारळ घेवन तुज्या दारात उभो आसा."

"व्हय म्हाराजा."

"ज्येच्या आंगात रगत आसा तेणी तां वाटून घेवचां. सुयेक भियाणाऱ्याक तू धीर दिवचो."

"व्हय म्हाराजा."

मी मनात तीस-चाळीस माणसांचा हिशेब केला होता. शाळेच्या ओट्यावर आम्ही खाटा मांडल्या आणि बघतो तर सगळा गाव रांगेत. होय म्हटलेले सगळे. ऐंशीच्या पुढचे आजोबा, अंगावर पिणारं मूल घेऊन आलेली बाई, काल तापातून उठलेला मुलगा. मी एकेकाला परत पाठवू लागले आणि कोणी हलेना. आजोबा बाकावर पाय घट्ट रोवून बसले. "देवाक व्हय म्हटलंय. आता तसोच घरात कसो जाव?" मी त्यांना वय सांगितलं, नियम सांगितला. ते म्हणाले, नियम तुमचा आहे, शब्द माझा आहे. रक्तपेढीत मी रक्त न देणाऱ्यांशी आयुष्यभर भांडले, पण देतो म्हणून भांडणारे मला पहिल्यांदा भेटत होते. आमचे डॉक्टर तर चक्क आत जाऊन बसले.

इनासने डोक्यावर हात मारला आणि दाजींना ओट्यावर घेऊन आला. तिथेच उभ्या उभ्या दुसरं गाऱ्हाणं झालं. "बा देवा म्हाराजा, ज्येचां रगत घेवक जमणा नाय, तेचो शबूद तू मोकळो कर, आणि तेच्याकडसून दुसरी सेवा घी." "व्हय म्हाराजा." मग आजोबा उठले. ज्यांना परत पाठवलं त्यांनी शाळेमागे चूल मांडली आणि रक्त देणाऱ्यांसाठी उकड्या तांदळाची पेज शिजवली. तेव्हापासून त्या गावात दोन्ही गाऱ्हाणी एकापाठोपाठ होतात.

त्या दिवशी मासे विकणारी शेवंती पहिल्या खाटेवर होती. पन्नाशी उलटलेली, तोंडाने फटकळ. पिशवी भरल्यावर ती उठून म्हणाली, "इतक्यांच? माका वाटलां बालदी भरतली." मग तराजूत घातल्यासारखी ती पिशवी हातात तोलून बघितली आणि म्हणाली, "वजनाक बरां आसा." दाजींचा गट बी निगेटिव्ह निघाला. त्यांनी तो स्वतःचा नव्हे, देवाचाच मोठेपणा मानला आणि पुढची कितीतरी वर्षं, मुंबईच्या पाहुण्यांनासुद्धा, नावाआधी गट सांगत राहिले.

पुढे सगळं सुरळीत चालू झालं. गावाचं बघून शेजारच्या दोन गावांनी आपापल्या देवाला विचारलं. श्रावणातला आमचा फ्रीज रिकामा राहीना. अंकिता शाळेत गेली, दहावी झाली, कुडाळला कॉलेजला जायला लागली. गावाने तिला कधी पाहिलं नव्हतं. तिचं नावही इनासने कोणाला सांगितलं नाही. गाऱ्हाण्यात ती कायम "एक चेडू" एवढीच राहिली. मी एकदा विचारलं तर म्हणाला, "लोकांनी तेच्याकडे दयेन बघूचां नको. मोठां जावन काय तां ठरवंदे."

मी निवृत्त झाले. दर आठवड्याला कसालला उतरून त्याच्या बेकरीत चहा प्यायची. यंदा आषाढात, दुपारी भट्टीसमोरच्या खुर्चीत बसल्याबसल्या इनास गेला. हातातला कप खालीही पडला नव्हता. मातीला सगळीकडची माणसं आली होती, बँडवाल्यांनी वाजवलं, दाजी टोपी हातात धरून चर्चच्या पायरीवर उभे होते. मला रडू आवरलं नाही. असा सोबती पुन्हा मिळायचा नाही.

दोन आठवड्यांत रक्तपेढीतून माझ्या जागी आलेल्या रश्मीचा फोन आला. "मॅडम, यंदा कॅम्प होईल ना? श्रावणात अंकिताच्या दोन खेपा आहेत. बी निगेटिव्ह काहीच नाही."

मी दाजींकडे गेले. ते आता थकलेत, रक्त द्यायचं वय उलटून गेलंय. म्हणाले, "गाऱ्हाणां घालूक माजी ना नाय गो. पण नारळ कोण ठेवतलो? बोलणारो मी, मागणारो इनास. मागणारोच नाय तर देवाक कोणाचां सांगू?"

"मी ठेवतंय."

"तू परगावची. एक तर गावचो होयो, नायतर ज्येचां दुखणां तो होयो. लुसी दुखवट्यात आसा. गावातलो कोण ठेवीत, पण कोणासाठी म्हणान? आमी तां चेडू बघूक पण नाय."

त्यांचं बरोबर होतं. देवाजवळ उसनं मागणं चालत नाही. मी तशीच सुषमाच्या घरी गेले आणि जे आहे ते सांगितलं. तुम्ही या, असं म्हणायचा मला धीर झाला नाही. अंकिताही ऐकत होती. सुषमा म्हणाली, "गावासमोर उभां रवान सांगूचां? उद्या तेचां लगीन कोण करतलो?"

अंकिता म्हणाली, "आवशी, आधी जगूक होया. मगे लगीन."

सुषमा उठून आत गेली. मी चहा न घेताच निघाले. घरी आल्यावर वाटलं, इनास असता तर काहीतरी हसवणारं बोलला असता आणि गाठ सैल झाली असती. मला ते जमत नाही. मला फक्त रक्ताच्या गाठी ओळखता येतात.

बुधवारी सकाळी आम्ही देवळात थांबलो होतो. रश्मी आणि तिची माणसं शाळेत खाटा मांडून बसलेली. गाव जमलेलं, पण नेहमीचा गलका नव्हता. लुसी पायरीबाहेर पावाच्या टोपल्या घेऊन उभी. एस.टी. आली. आधी सुषमा उतरली. तिच्या हातात कापडी पिशवी होती आणि पिशवीत नारळ. मागून अंकिता.

माणसं बाजूला सरली. वाट झाली. अंकिताने नारळ ठेवला. दाजींनी तिचं नाव विचारून घेतलं, एकदा घसा साफ केला आणि जुन्या खणखणीत आवाजात सुरू केलं. "बा देवा म्हाराजा, इतकी वर्सां इनास ज्येच्यासाठी तुज्या दारात येय होतो, तां आमचां चेडू अंकिता आज आपल्या पायान चलत इलां."

यावर जो "व्हय म्हाराजा" उठला तो मी इतक्या वर्षांत ऐकला नव्हता. सुषमा खांबाला टेकून रडत होती आणि शेजारच्या बायकांनी तिला धरलं होतं. कोणाच्याही नजरेत मला दया दिसली नाही. इतकी वर्षं सासरी असलेली लेक आली की माणसं जशी बघतात तशी बघत होती.

शाळेच्या ओट्यावर रांग लागली. तीन बी निगेटिव्ह मिळाले, त्यातला एक दाजींचा नातू. रश्मीने मला दुरूनच तीन बोटं दाखवली आणि माझा जीव भांड्यात पडला. अंकिता दारात उभी राहून वय विचारत होती. कोणी सांगितलं नव्हतं, तिने आपणहून ते काम घेतलं होतं. शेवंतीची पाळी आली. काठी टेकत आली, पदर खोचून थेट खाटेकडे निघाली.

"आजी, तुमचां वय?"

"तुका कित्याक होया?"

"पासष्टच्या फुडे घेणत नाय."

"माका कोण अडवता?" शेवंतीचा आवाज चढला. "पयल्या वर्सापासून दितंय मी. देवाक व्हय म्हटलंय. दुसरां गाऱ्हाणां माज्यासाठी नाय हां, तां म्हाताऱ्यांसाठी."

मी मध्ये पडायला उठले. पण अंकिताने शेवंतीचा हात हातात घेतला, स्वतःच्या मनगटावर ठेवला आणि नाडीवर तिची बोटं दाबली. "आजी, तुमी इतकी वर्सां दिलास तां खंय गेलां? हय आसा. बघा."

शेवंती खाली वाकली. बाजारात ताजा मासा दाबून बघावा तशी तिने नाडी दाबून बघितली. मग हात सोडला, पदर सारखा केला आणि पेजेच्या चुलीकडे जायला वळली. दोन पावलं गेल्यावर थांबून म्हणाली, "मगे नीट वापर हां बाये. आमचां रगत जरा तापट आसा."